एक्केचाळिसावं घर

वर्तकनगर, ठाणे
रविवार

प्रिय रुचिता,

आई म्हणते, पोरगी रोज फोन करते आणि तुम्ही पत्र कसलं लिहिताय? पण फोनवर तू मला पुरतं बोलू देणार नाहीस, मध्येच 'जाऊ दे ना बाबा' म्हणशील. तुझ्या अहवालाचा मसुदा तीनदा वाचला. खाडीकाठच्या रेवखार गावात मधल्या घराचं मासिक उत्पन्न बारा वर्षांत चार हजारांवरून चौदा हजारांवर गेलं, असं त्यात आहे. महागाई वजा केली तरी जवळजवळ दुप्पट. त्यावरून तुमच्या संस्थेने ठरवलंय की गाव आता सावरलंय, मासळी सुकवायच्या ओट्यांसाठीची मदत दुसरीकडे वळवावी. बाळा, तुझे चौदा हजार बरोबर आहेत. माझे चार हजार चुकले होते.

पहिल्या फेरीत अन्वेषक म्हणून घरोघर फिरून फॉर्म भरले ते मीच, तेव्हा तू बारावीत होतीस. फॉर्मांचे गठ्ठे दिवाणावर पडलेले असायचे आणि तू अभ्यासाला जागा नाही म्हणून भांडायचीस. एक्क्याऐंशी घरं. उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने मांडली की एक्केचाळिसावं ते मधलं, आणि ते नेमकं नाथाचं निघालं. मध्यक म्हणजे काय हे तुला मी त्याच घरावरून शिकवलं होतं. चाळीस घरं खाली, चाळीस वर, मध्ये नाथा ओटीवर जाळं दुरुस्त करत बसलेला.

आता खरं सांगतो. मी गावात पोचायचो सकाळी नऊला. त्या वेळी पुरुष खाडीतून परतून घरी असायचे आणि बायका मासळीच्या पाट्या घेऊन डोंबिवलीच्या बाजारात विकायला गेलेल्या. नाथाला कमाई विचारली तेव्हा तो म्हणाला होता, “मना काय इचारता सायेब, पैशे तिच्याकरं.” मी हसलो. मला वाटलं, गडी बायकोच्या धाकात आहे. मग डिझेल आणि जाळ्यासाठी बायको त्याच्या हातावर किती टेकवते ते विचारलं आणि तोच आकडा घराचं उत्पन्न म्हणून लिहिला. त्याच्या बायकोच्या, मनुबाईच्या नावापुढे लिहिलं 'गृहिणी'. सगळ्या गावात हेच केलं. दुपारी मी चहाच्या टपरीवर बेरजा करत बसायचो तेव्हा त्या सगळ्याजणी रिकाम्या पाट्या घेऊन समोरूनच परत यायच्या, आणि मी सभ्य गृहस्थासारखा बाजूला होऊन वाट द्यायचो. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हा असा!

गेल्या आठवड्यात बैल गेल्यावर झोपा करायला निघालो. ठाकुर्लीहून रिक्षा केली. नाथा आता खाडीत जात नाही, गुडघे गेलेत. मुलगा भावेश जातो आणि मासळी सून मेघाली विकते. मनुबाईला म्हटलं, तेव्हा तुमची कमाई किती होती? ती जोरात हसली. “तवा कुनी इचारलं आमाला?” मग तिने भिशीवरून हिशोब लावला. त्या वर्षी दर महिन्याला भिशीत दोन हजार टाकायची, वर घर चालायचं, भावेशची फी भरायची. अकरा हजारांच्या खाली येत नाही. पण एका घरावरून मध्यक हलवता येत नाही, हे मीच तुला शिकवलंय. म्हणून तीन दिवस गेलो, तेवीस घरी थोरल्या बायकांना विचारलं. आठवणीतले आकडे आहेत, त्यांच्यावर नवा मध्यक काढू नकोस. पण सगळीकडे एकच दिसलं. तेव्हाच्या अकरा-बारा हजारांत भागायचं, आजच्या चौदात भागत नाही. खाडीत मासळीच राहिलेली नाही. गाव खाली आलंय, आणि माझ्यामुळे ते वर गेलेलं दिसतंय. फार लाज वाटली. मनुबाईने मात्र वाटी भरून सुकट दिली, आईने तिची चटणीही केली.

मी रेवखारला आपणहून गेलो, असं समजू नकोस. तू पाठवलेल्या फाइलमध्ये खोडलेला मजकूर लाल अक्षरांत दिसतो, हे तुझ्या लक्षात राहिलं नाही. सतराव्या पानावर तू लिहिलं होतंस: 'पहिल्या फेरीत स्त्रियांची कमाई विचारलेली दिसत नाही, ही तुलना धरू नये.' आणि मग खोडलंस. कुणासाठी खोडलंस ते मला कळलं. वाचून डोळ्यांत पाणी आलं, पोरीने बापाला सांभाळून घेतलं म्हणून, आणि त्यापायी ती स्वतःच्या कामात खोटी पडणार म्हणूनही. पुढच्या सोमवारी अहवाल द्यायच्या आधी ती ओळ होती तिथे परत घाल, आणि तिच्याखाली अन्वेषक म्हणून माझं पूर्ण नाव लिही.

तुझाच,
बाबा