थंडी न वाजणारा माणूस

२ सप्टेंबर, ओउलू, फिनलंड
बॅग भरून झाली. सुती सदरे, दोन लिननच्या पँटी, सॅन्डल. एवढंच. स्पेनमध्ये, ग्रानादात संत्री रस्त्यावर पिकतात, तिथे लोकरीचं काय काम? केर्त्तुने दोनदा स्वेटर कोंबला, मी दोनदा काढला. तिची मैत्रीण म्हणे तिथे जानेवारीभर कुडकुडली. म्हणालो, तुझी मैत्रीण हेलसिंकीची, तिला थंडी काय माहीत! केर्त्तु म्हणाली, बरं बाबा, तू जाण आणि तुझी बॅग जाणे. नवरा-बायकोत एकमत झालं की बरं वाटतं.
एकोणपन्नासाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी! शाळेने रजा दिली ती अटीवर. तिथल्या विद्यापीठाची डिसेंबरची तोंडी परीक्षा पास, तर जूनपर्यंत राहून हस्तलिखितांचा अभ्यास. नापास, तर नाताळाआधी परत येऊन नववीला लॅटिन शिकवायचं. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते एका परीक्षेवर. अट अर्थातच औपचारिक.

१७ सप्टेंबर, ग्रानादा
चौतीस डिग्री. काय ही माझी दूरदृष्टी! खोली झकास: संगमरवरी फरशी, उंच छत, जाड भिंती. घरमालकीण अंगुस्तियासबाईंनी विचारलं, हिवाळ्याचं काय आणलंय? सांगितलं, आमच्याकडे उणे तिसात पोरं चालत शाळेत जातात. बाई म्हणाल्या, असेल हो मास्तर, पण तुमच्याकडे थंडी घराबाहेर राहते.
वाक्य नीट कळलं नाही. स्पॅनिश सुधारायला हवं.

५ नोव्हेंबर
चमत्कारिक गोष्ट. बाहेर सोळा डिग्री, खोलीत नऊ. जाड भिंती उन्हाळा अडवतात तशा ऊनही अडवतात, आणि हीटर कुठेच नाही. इथली माणसं घरात शिरताना कोट चढवतात. मी बागेतल्या बाकावर अभ्यास करतो. सूर्य गेला की अभ्यास गेला. उद्यापासून पहाटे व्यायाम.

६ नोव्हेंबर
व्यायाम सोमवारपासून.

१४ नोव्हेंबर
संध्याकाळी सगळं घर एका गोल टेबलाभोवती. जमिनीपर्यंत जाड कापड, खाली शेगडी. कापड मांडीवर ओढलं की कमरेखाली उन्हाळा. बाई म्हणाल्या, या मास्तर, पाय आत घाला. म्हणालो, नको, गारव्यात बुद्धी तल्लख राहते; तितिक्षा हा आमचा राष्ट्रीय गुण. बाईंचा भाऊ फर्मीन म्हणाला, अगं कापड नीट ओढ, या माणसाकडे बघूनच मला हुडहुडी भरली. सगळे हसले. मीही हसलो. जबडा जरा आखडला होता.

२३ नोव्हेंबर
बाईंनी बाजारभर सांगितलंय. भाजीवाली शेजारणीला म्हणाली, हाच गं तो, ज्याला थंडी वाजत नाही. एका आजीबाईंनी माझा दंड दाबून पाहिला. आता टेबलाखाली पाय घालणं अशक्य. एका राष्ट्राची अब्रू आहे.

१ डिसेंबर
परीक्षा बारा तारखेला. बोटांत पेन ठरत नाही. झोपताना सगळे सदरे एकावर एक. वरच्याची बटणं लागत नाहीत. शेवटी स्वेटर घ्यायला गेलो. दुकानवाली म्हणाली, अगबाई, तुम्ही! कुणाला भेट द्यायला का? तोंडून निघून गेलं, बायकोला. मग मापही बायकोचंच सांगावं लागलं. फिकट जांभळा, गळ्याशी मोती. बाह्या कोपरापर्यंत. सदऱ्याच्या आत घालतो.

८ डिसेंबर
अंगुस्तियासबाईंनी दार ठोठावलं. मास्तर, भिंतीतून टकटक कसली येते? माझे दात होते. म्हणालो, लॅटिन वृत्तं मोजतोय. बाई जिन्यात कुणालातरी सांगत होत्या, याला म्हणतात अभ्यास! प्रत्यक्षात हस्तलिखिताचं एक पान धड वाचून होत नाही. चारच दिवस उरले. अंतिम निश्चय: अब्रू गेली खड्ड्यात, आज टेबलाशी जाऊन बसायचं.
गेलो. दारातच फर्मीन म्हणाला, काय मास्तर, हरलात वाटतं?
म्हणालो, मीठ मागायला आलो होतो.
मीठ मिळालं.

१२ डिसेंबर
परीक्षेचा हॉल दगडी. तिन्ही परीक्षक ओव्हरकोटात, मी सुती सदऱ्यात. मोती टोचत होते. हस्तलिखिताची पहिली ओळ स्वच्छ वाचली. दुसरीचा अर्थ सांगितला तेव्हा एकाने मान डोलावली. जून महिना डोळ्यांपुढे दिसू लागला. तेवढ्यात अध्यक्षबाई म्हणाल्या, थांबा, थांबा, पाहुण्यांची घुसमट होत असेल. आम्हाला थंडीची सवय नाही, पण आजचा दिवस सोसू. आणि माझ्या पाठीमागची खिडकी सताड उघडली. डोंगरावर बर्फ पडलंय असं ऐकून होतो. ते खरं आहे.
मी आभार मानले.
तिसऱ्या ओळीला ओठ मिटेनात. चौथीला उघडेनात. पाचवी ओळ कुणीच ऐकली नाही, मीसुद्धा.

१३ डिसेंबर
नापास. विमान एकोणीस तारखेचं.
अध्यक्षबाई मुद्दाम बाहेर आल्या. म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका मास्तर, तयारी दिसत होती. चूक आमची. खिडकी सुरुवातीलाच उघडायला हवी होती.
मी म्हणालो, हो, जरा उकडलंच.