तेउइलाचा राग

सवाई बेट, सामोआ
१२ ऑगस्ट १९८६

ती. मासिनाताईस,
लुसियाचा नमस्कार, दमल्या हातांनी केलेला.

तुझी लेक खुशाल आहे. जेवते, झोपते, फक्त माझ्या लेकाशी बोलत नाही. बाटलीनं दूध पाजून तिनं वाढवलेलं ते डुकराचं पिल्लू फेतूनं कुंपणाबाहेर सोडलं. खेळायला म्हणून. ते रस्त्यावर धावलं आणि बसखाली आलं. तेव्हापासून तेउइला त्याच्याकडे पाठ करून जेवते. चर्चमध्ये तो बाकावर बसला की ही उठून दुसरीकडे.

दिवसभर शाळेत लहान पोरांची भांडणं सोडवते, पण घरची दोन मला आटोपत नाहीत. काल दोघांना समोरासमोर उभं केलं. त्याला म्हटलं माफी माग, तिला म्हटलं मिठी मार. तिनं मिठी मारली आणि त्याचा कान चावला! मी तिला फटका दिला, मग स्वतःच रडत बसले. थकले गं. तूच लिही तिला दोन शब्द, तुझं ऐकेल.

माया आहे तशी राहू दे.
तुझी लुसिया

ऑकलंड
२९ ऑगस्ट १९८६

चि. लुसियास,
आशीर्वाद, आणि गालाला एक चिमटा.

हॉस्पिटलच्या चादरी धुऊन बोटं वळत नाहीत, म्हणून अक्षर असं. कान चावल्याचं वाचून हसले, पण ते हसू टिकलं नाही. माझं ऐकेल म्हणतेस? मी इकडे आल्यापासून फोनवर ती माझ्याशी हो आणि नाही यापलीकडे बोललेली नाही.

तू बाई माफी एरंडेलासारखी पाजतेस, नाक दाबून. तिचं पिल्लू मेलंय, तिला रागावू दे. चावायचं नाही, एवढं सांग. बाकी नुसतं विचार, पिल्लू कसं होतं. फेतूलाही ऐकायला बसव. आणि तू मध्ये बोलू नकोस. तुला जड जाईल, तरी नकोच बोलूस.

जिवाला जप, मला विसरू नका.
मासिना

सवाई बेट
२१ सप्टेंबर १९८६

ती. ताईस नमस्कार.

तुझं ऐकलं. रोज विचारत राहिले, पिल्लू कसं होतं. मग एके दिवशी म्हणाली, ते माझ्या पायावर झोपायचं. त्यानंतर थांबेचना. फेतू मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, मला वाटलं ते परत येईल. आणि पळाला.

शनिवारी बघते तर पोरगं भर उन्हात अंगणात, झोपायची चटई डोक्यावरून पांघरून बसलेलं. मामाला ट्रकनं उडवलं तेव्हा ड्रायव्हरच्या घरचे माफीसाठी आपल्या दारात असेच बसले होते, ते त्यानं पाहिलेलं. तेउइला पायरीवरून बघत होती. मी उठून तिला हाताला धरून नेणार होते, पण अंगात त्राणच नव्हतं. बसून राहिले, तेच बरं झालं. बऱ्याच वेळानं ती गेली, चटईचं टोक उचललं आणि आत शिरली. मग आतून दोघांचं रडणं ऐकू आलं.

सगळं मिटलं असं समजू नकोस. सोमवारी जेवताना तिनं त्याला एक चापट मारली. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, थोडा राग उरला होता. आणि आपल्या पानातला अळूचा कंद त्याच्यापुढे सरकवला.

आईला काय लिहू, असं तिला विचारलं. म्हणाली, लिही, आई, तुझ्यावर पण राग आहे. पिल्लाच्या आधीपासून. मी म्हटलं, सांग, तेही लिहिते. तर म्हणाली, कागदावर नाही. आई समोर बसेल तेव्हा.

रागावू नकोस. माया असू दे.
लुसिया

ऑकलंड
५ ऑक्टोबर १९८६

चि. तेउइलास,
आईचा गोड पापा.

मावशी तुला हे वाचून दाखवेल. रजा मिळाली. नाताळाला बोटीनं येते. आल्याबरोबर पायरीवर तुझ्यासमोर बसेन. तुझं सगळं सांगून होईपर्यंत उठणार नाही.

तुझी,
आई