संडासाशेजारचं टेबल

चंद्रपूर, मंगळवार, १८ फेब्रुवारी १९८६

संताप उतरतच नाही. वकीलसाहेबांनी ऑफिस नवं केलं. आलापल्लीचं सागवान, हिरवा सनमायका, काचेची केबिन. त्यांच्या भाच्याचं टेबल खिडकीशी. आणि माझं? पार्टिशनमागे, संडासाशेजारी!

"इथी काऊन?" मी विचारलं.

"बाई वकील समोर दिसली का पक्षकार बिचकते."

बाई म्हणून, की माझं आडनाव पाटीवर दिसेल म्हणून? संडासाशेजारी!

ते कोर्टात गेल्यावर मी टेबल ओढत समोर आणलं. नव्या फरशीवर ओरखडा पडला. पडू दे.

परत आले नि शिपायावर ओरडले, "मागं ने ते!"

मी टेबलावरच चढून बसले, काळ्या कोटात, सगळ्या पक्षकारांसमोर. शिपाई जागचा हलला नाही. साहेबांनी केबिनमध्ये जाऊन दार आपटलं.

उद्या काढून टाकतील बहुतेक. टाकू देत. पण आधी मला तिथून उठवावं लागेल.