सोमवारच्या मुंग्या

४ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझ्या बाबाचा गुडघा कसा आहे? त्याला सांग, तीस वर्षं वॉर्डात परिचारिका होते. न चालणारा गुडघा मला कळतो आणि न चालवलेलाही कळतो.

आता कामाचं. आज चष्मेवाल्याच्या दुकानावरून गेले. चषक अजून काचेतच आहे, फ्रेमांच्या मधोमध, आता वर छोटा दिवाही लावलाय. माझ्या अकरा वर्षांच्या वह्या टाइप करून देतो म्हणून नेल्या, महिन्याने परत आणून दिल्या आणि गेल्या वर्षी हौशी निरीक्षक मंडळाच्या स्पर्धेत स्वतःच्या नावाने घातल्या, हे तुला ठाऊक आहे. मी तक्रार केली तर समितीपुढे गोड हसून म्हणाला, नोंदी माझ्याच, बाई फक्त उतरवून घ्यायच्या, अक्षर तेवढं त्यांचं. अकरा वर्षं रोज सकाळी स्टुलावर बसून मुंग्यांची वाट बघितली ती मी, आणि मी म्हणे उतरवून घेणारी! त्या माणसाचं तोंड काळं झालेलं बघितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. हे मी रागाच्या भरात लिहीत नाहीये, वर्षभर विचार करून लिहितेय.

त्याचा छापलेला निबंध इतके दिवस उघडवत नव्हता. परवा वाचला आणि हसून हसून पुरेवाट झाली. तो लिहितो, आठवडाभर तापमापक सव्वीस अंश दाखवतो तेव्हा मुंग्या बाहेर पडतात, सोमवारी मात्र बाविसालाच पडतात. म्हणजे मुंग्यांना साप्ताहिक लय असते. चषक मिळाला तो ह्या शोधाला! अगं, माझा तापमापक कुठल्या भिंतीवर टांगलाय? पलीकडे बेकरीची भट्टी आहे. सोमवारी बेकरी बंद, की भिंत चार अंश गार. मुंग्यांचं वारूळ तिकडे लांब फरशीखाली, त्या बिचाऱ्या सातही दिवस एकाच उबेला निघतात. मी वहीत भट्टीचा उल्लेख कधी केला नाही. स्वतःच्याच घराची भिंत स्वतःला काय समजावायची?

यंदा मी त्याच्या निबंधाला उत्तर लिहिणार. निबंध कॉम्प्युटरवरूनच पाठवावा लागतो आणि तू दिवसभर ऑफिसात टेंडरं भरतेस. आत्याला नाही म्हणू नकोस. बाबाला हळद लावू नकोस, चालायला लाव.

तुझी माया अशीच हक्काने वापरणारी,
आत्या

११ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांना तुझा निरोप वाचून दाखवला. ते म्हणाले की लहानपणीही तू अशीच होतीस, आणि रुसून गच्चीवर गेले. पायीच गेले, म्हणजे गुण आला.

मंडळाचे नियम वाचले. बारा पानं, पीडीएफ, पाच एमबीच्या आत, तीस जूनला संध्याकाळी पाचपर्यंत. लेखकाचं नाव निबंधात कुठेही नको, परीक्षकांना ते निकालानंतरच कळतं. हे आपल्या पथ्यावर पडलं. तुझं नाव दिसलं असतं तर जुनं भांडण म्हणून बाजूला ठेवला असता.

तू मागाहून पाठवलेली निबंधाची पहिली आठ पानं टाइप झाली. आत्या, त्यात चोर हा शब्द नऊ वेळा आहे. सगळे काढले. आभाराच्या परिच्छेदात तू त्याच्या सात पिढ्यांचे मानलेले आभारही काढले. रागावू नकोस. रागाचा वास आला की परीक्षक आकडे बघत नाहीत.

एक अडचण आहे. भट्टीमुळे भिंत तापते हे आपण म्हणतोय, पण नुसत्या सोमवारांवर कोणी विश्वास ठेवेल का? कधी इतर वारीही भट्टी बंद होती का? आठव. आणि तू त्याच्या निबंधाचं पान पाच नीट वाचलंस का? त्याने लिहिलंय की तापमापक त्याच्या स्वतःच्या घराच्या मागच्या भिंतीवर होता. सोबतच्या प्रतीत मी तिथे पेन्सिलीने गोल केलाय.

आशीर्वादाची आणि उरलेल्या चार पानांची वाट बघणारी,
भिंगरी

१७ जून

चि. भिंगरीस,
आशीर्वाद वि. वि.

नऊच्या नऊ काढलेस? एक तरी ठेवायचास. दोन दिवस तुझ्यावर फुगून होते, मग बेकरीवाल्या मालकाकडे गेले आणि सगळा राग पळाला.

सात वर्षांपूर्वी त्याची भट्टी फुटली होती. बारा दिवस दुरुस्ती चालली, गवंड्याच्या तारखा त्याच्या डायरीत आहेत. मी वही काढली. ते बाराही दिवस मुंग्या बाविसाला बाहेर! मंगळवार, गुरुवार, रविवार, सगळे. मग त्याच्या निबंधात ते दिवस शोधले तर सापडेनात. त्याच्या लयीत बसत नव्हते म्हणून त्याने ते गुपचूप गाळले. माझ्या पायाला सूज होती तेव्हाही मी स्टुलावर बसून केलेल्या नोंदी त्या, आणि ह्याने कचऱ्यासारख्या टाकल्या. वह्या चोरल्या त्यापेक्षा मला हे जास्त लागलं.

डायरीच्या पानाचा, बंदच्या पाटीचा आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मालकाच्या मुलीकडून पाठवतेय. चषक मला नको, तुला आधीच सांगते. त्या नोंदी माझ्या आहेत हे त्याच्या तोंडून, चारचौघांत, ऐकायचंय.

तुझ्यावर फुगून न राहू शकलेली,
आत्या

३० जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पोचला! साडेचारला साहेब चहाला गेले तेव्हा चढवायला घेतला, तर फाइल मोठी म्हणून परत. भट्टीच्या फोटोंनी घात केला. फोटो लहान केले. बटण दाबणार तेवढ्यात फाइलच्या नावाकडे लक्ष गेलं. मी सवयीने ठेवलेलं नाव होतं, आत्याचा सूड, शेवटचा, सात. नाव बदललं, फाइलच्या माहितीत माझं नाव होतं तेही पुसलं, आणि पाचला सहा मिनिटं असताना पोचपावती आली. सोबत जोडली आहे, जपून ठेव.

आता एकच विनवणी. सभेत तू तोंड उघडू नकोस. एक शब्दही नाही. त्यालाच बोलू दे.

तुझ्या रागाला घाबरणारी आणि त्याच्याच बाजूने असलेली,
भिंगरी

२२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

काल सभा झाली. मी शेवटच्या रांगेत बसले, तोंडात लवंग धरून, म्हणजे उघडणार नाही.

आपला निबंध गेल्या वर्षीच्या निकालालाच हात घालतो म्हणून तो सर्वांसमोर वाचला गेला. मुख्य परीक्षक बाईंचं आयुष्य हवामान मोजण्यात गेलंय. त्यांनी चष्मेवाल्याला उभं करून शांतपणे विचारलं की तुमच्या मागच्या भिंतीपलीकडे काय आहे. तो म्हणाला, सासूबाईंची खोली. बाईंनी विचारलं की सासूबाई सोमवारी चार अंशांनी गार होतात का. सभागृह हसून कोसळलं गं! मी लवंग गिळली.

मग बाईंनी हसू थांबवून त्याने गाळलेल्या बारा दिवसांचं विचारलं. म्हणाल्या, निबंधातले आकडे तुमच्या भिंतीचे नसतील तर मनाने रचलेले असणार, आणि रचलेले असतील तर मंडळातून नाव कायमचं जाईल. त्याने घाम पुसला, चष्मा काढला, पुन्हा घातला. मग माझ्याकडे बोट करून ओरडलाच, की मी काहीही रचलेलं नाही, वह्या त्या बाईंच्या, भिंत त्यांची, चूक असेल तर त्यांची. स्वतःला वाचवायला स्वतःच बोलला. चिटणिसांनी शब्द न् शब्द लिहून घेतला. भिंगरे, मला वाटलं होतं मी टाळ्या वाजवीन. त्याऐवजी पिशवीतून दुसरी लवंग काढून तोंडात धरली.

यंदाचं पहिलं बक्षीस शेवाळावरच्या निबंधाला मिळालं, आपल्याला दुसरं. शेवाळवाला सज्जन आहे, त्याच्यावर माझा राग नाही.

शेवटी समितीने मला विचारलं, गेल्या वर्षीचा चषक तुमच्या नावाने करू का. तेव्हा मात्र मी उठले. म्हटलं, नोंदी माझ्या, त्या माझ्या नावावर लिहा. पण मुंग्या सोमवारी सुट्टी घेतात हा शोध मी लावलेला नाही, तो सर्वस्वी ह्यांचा आहे आणि त्याचा चषक ह्यांच्याकडेच राहिला पाहिजे, फक्त खाली निबंधाचं पूर्ण नाव ठळक लिहा. ठराव एकमताने झाला.

आज त्याच्या दुकानात चषकाला नवी पाटी लागलेली बघून आले. ‘मुंग्यांची साप्ताहिक लय.’ छोटा दिवा बंद होता. मी आत गेले, माझा चष्मा सैल झालाय म्हटलं, आणि तो घट्ट करून देईपर्यंत त्याला सांगितलं की पाटी नीट वाचता येत नाही, दिवा लावा. त्याने लावला.

बाबाला घेऊन ये, चालत. तोवर आठवण ठेव.

तुझी,
आत्या