रेस पेडलचे व्होल्ट

७ जाने., मंगळवार
दादाच्या ट्रकचं रडगाणं चौथ्यांदा ऐकलं. "नलू, रेस देतो ना, तर गाडी एक सेकंद सोचते, मग उचलते. परवा कांदा भरून येत होतो, मानपूरच्या घाटात मागचेवाले हॉर्न मार-मारके डोकं खाऊन गेले यार." परदेशीपुऱ्यात कैलाश भियांच्या गॅरेजवर मीही गेले. कैलाश भियांचं निदान: "सेंसर गया मॅडम, नया डाल दो." मोजलं का? "अंदाज है ना." अंदाज! कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मुलींना मीटर कसा धरायचा हे शिकवण्यात सगळी नोकरी गेली माझी. नवीन घालायचा नाही म्हटलं. आधी मी बघणार.

८ जाने.
तीन व्हिडिओ पाहिले, दोन फालतू. कळलं ते असं: पूर्वी पेडलपासून इंजिनापर्यंत तार जायची. आता पेडलपाशीच डबीएवढा सेंसर. पाय जितका खाली तितके व्होल्ट जास्त, ते बघून कॉम्प्युटर डिझेल सोडतो. अरे, हा तर आमच्या लॅबमधला, सरकवून व्होल्ट कमी-जास्त करायचा रिओस्टॅट! दोन स्क्रू ढिले केले की थोडा फिरवताही येतो. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. कधी एकदा हात लावते असं झालंय.

१० जाने.
केबिनमध्ये मीटर घेऊन आडवी पडले, दादा वर सीटवर. "या वयात काय ट्रकखाली झोपते," म्हणाला. खाली नाही, आत.
दादाने पाय सोडून ०.६८ व्हो. त्यानेच पूर्ण दाबून २.९. व्हिडिओत ०.७५ आणि ३.८. कमी! मूळ जागेवर नेलपॉलिशची खूण केली, स्क्रू ढिले करून सेंसर जरासा फिरवला. आता ०.८२. इंजिन शांत, बोर्डावर कुठला दिवा नाही. देपालपूर रोडला चक्कर मारली. पाय ठेवताच गाडी उचलली. दादा: "अरे वा भिया!" बहिणीला भिया म्हणाला. कैलाश भियांना मीटरचा फोटो पाठवला. उत्तर नाही. बसू दे गप्प.

१३ जाने.
दादा धुळ्याहून परत. घाट "एकदम मक्खन". वहिनीने तिळाच्या लाडवांचा डबा दिला, मेकॅनिकबाईंसाठी म्हणून. लाडू छान झालेत, पण माझं लक्ष वहीतल्या आकड्यांवर. तळाचा आकडा नीट झाला, वरचा मात्र ३.०४च. ३.८ का येत नाही? सेंसर खरंच खराब आहे का? म्हणजे कैलाश भिया बरोबर? शक्य नाही.

१५ जाने.
पुन्हा मीटर लावला. दादा चहाला गेला होता, म्हणून पेडल मीच हाताने दाबलं. ३.९४. चुकलं असेल म्हणून परत, ३.९४. तिसऱ्यांदाही तेच. दादा आला, त्याला दाबायला लावलं. ३.०४. मॅट अडत असेल म्हणून मॅट काढली. ३.०४.
वहीत दोन रकाने केले, मी आणि दादा. पाच-पाच वेळा मोजलं.
"फुल दाबतोयस ना?"
"आता काय, खड्डा पाडू?"
पेडलखाली माझी दोन बोटं आरामात मावत होती. दादा वरून सांगत होता, फुल आहे, फुल आहे. खोटं बोलत नव्हता.

१६ जाने.
वहिनीकडे सहज दादाच्या पायाचा विषय काढला. म्हणाली, "उजवी चप्पल रस्त्यात निघून जाते आणि यांना पताच नसतो. मी मागून उचलून आणते. म्हणतात, थंडीने पाय सुन्न झाला." थंडीने! शुगर किती वर्षांची आहे.
म्हणजे सेंसर फारसा बिघडलेलाच नव्हता. मी हौसेने गाडी दादाच्या अधू पायाला सोयीची करून दिली, वर कैलाश भियांना फोटो पाठवला. लाज वाटते आहे. लाजेपेक्षा भीती जास्त. ब्रेक त्याच पायाने लावतो. धुळ्याला जाताना तोच घाट उतरून गेला होता, आणि मी लाडू खात बसले होते.

१८ जाने., शनिवार
सेंसर परत खुणेवर आणला. दादाला बोलावून सांगितलं, सीटवर बस, आज तू मोज. मीटर त्याच्याकडे फिरवला. पायाने: २.९. "आता हाताने दाब." ३.८. पुन्हा पाय, पुन्हा हात. चार वेळा.
"तुझं मशीन खराब आहे."
"दुसरं आणते."
 मीटर माझ्या हातात देऊन उतरला. जाताना दाराच्या दांड्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून उभा होता. की मलाच आता तसं दिसतंय?

१९ जाने.
दादा सकाळीच हजर. चहा नको म्हणाला.
"ब्रेकला पण असा सेंसर असतो का गं? मोजता येईल असा?"
"तुझ्या गाडीत नाही."
"मग ते कसं कळणार?"
खुर्चीत बसला, चप्पल काढली, आणि मला म्हणाला, "हात लाव." मी खाली बसून तळवा त्याच्या पायाला लावला. आधी डावा दाबला. माझा हात मागे सरकला. मग उजवा. चेहरा लाल होईपर्यंत दाबत होता.
"दाबला?" मी विचारलं.
"दाबला ना. फुल." मग माझ्या हाताकडे बघितलं. हात होता तिथेच होता.
बराच वेळ पाय तसाच माझ्या हातावर ठेवून बसला. थंडगार पाय. मी काढायला सांगितलं नाही.
उद्या अकराला तुकोगंजच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. देपालपूरला बटाटाही उद्याच भरायचा आहे. दोन्हींपैकी कुठे जाणार ते दादाने सांगितलं नाही. ट्रकची चावी त्याच्या खिशात होती, मी मागितली नाही.