तीळ काढू नये

मी, कल्पिता महादू पाताडे, वय सत्तेचाळीस, अविवाहित, धंदा फोटोग्राफी, राहणार बोरिवली पश्चिम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. मी घाबरलेली नाही. फक्त धाकटा भाऊ राजेश याच्यासाठी काही गोष्टी मोकळ्या सोडायच्या नाहीत.

१. बाबांनी गिरणी बंद पडल्यावर थाटलेला स्टुडिओ, माझी राहती खोली आणि बँकेतली शिल्लक राजेशला द्यावी. यात अट नाही. तो मेहनती आहे. एका लग्नात चार हजार फोटो काढतो आणि त्यांतल्या एकातही नवरीच्या आईचा चेहरा धड सापडत नाही, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे. म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

२. निगेटिव्हच्या अकरा पत्र्याच्या पेट्या राजेशला मिळणार नाहीत. गणपतीत तो म्हणाला, "ताई, सगळं स्कॅन करू आणि पेट्या भंगारात टाकू. जागा बघ ना किती अडलीय!"

"चेहरे आहेत तसे ठेवशील?"

"तसेच कशाला? ॲप आपोआप साफ करतं. लोकांना गुळगुळीतच हवं असतं गं."

सबब या पेट्या त्याची बायको श्वेता हिला देत आहे. ती शाळेत शिकवते, आणि राजेश घरात फक्त तिलाच घाबरतो. ज्याचा चेहरा असेल त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी मागितल्यास तिने ती निगेटिव्ह फुकट द्यावी. स्कॅन खुशाल करावं, पण चेहऱ्याला हात न लावता, आणि निगेटिव्ह जपून.

३. हे कलम माझ्या चुकीचं. मृत्युपत्रात चूक लिहायची रीत नसेल, पण ती लपवून वरचं कलम लिहिणं लबाडी होईल. सहा वर्षांपूर्वी गोराईची मासळीवाली मथुरा वारली. तिचा मुलगा प्रितम मोबाइलमधला एक पुसट फोटो घेऊन आला. "ताई, आई जरा उजळ करा ना. आणि हनुवटीवरचा तो डाग काढा." तो डाग लहानपणी मासे धरायचा गळ लागल्याचा होता. मी वीस मिनिटांत काढला. छान जमलं, असं मला वाटलंसुद्धा.

तेराव्याला मी गेले होते. तिचा नवरा फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला, मग त्याने त्यावरचा हार उतरवला. "ही कोन? मना माजी मथुरा पायजे."

डाग मी काढला, हे मी तिथे कबूल केलं नाही, ते आजही डाचतं. परत येऊन दोन दिवस पेट्या उपसल्या. बाबांनी १९९१ साली काढलेली तिची निगेटिव्ह सापडली. हनुवटीवर गळाची खूण स्पष्ट होती. आता त्यांच्या भिंतीवर तो फोटो आहे. निगेटिव्ह मी प्रितमला तेव्हाच हातात दिली. या मृत्युपत्राने त्याला काही मिळत नाही, म्हणून तो साक्षीदार चालेल.

४. राजेश मला नेहमी ऐकवतो, "बाबाही चेहरा साफ करायला निगेटिव्हवर पेन्सिल मारायचे की! तेव्हा चाललं?" मारायचे. हा प्रश्न मी डायरीत तीनदा उतरवला आणि तीनदा उत्तर टाळलं. आज देते. बाबा सांगायचे, पुटकुळी आठवड्यात जाते, ती काढायची. तीळ माणसाबरोबर जातो, तो ठेवायचा. मथुराच्या वेळी हे मला पाठ होतं, तरी मी विसरले. मशीन मात्र विसरत नाही. त्याला हा फरक कधी कोणी शिकवलेलाच नाही. बाबांच्या पेन्सिली, भिंग आणि निगेटिव्ह ठेवायची उजेडाची पेटी राजेशला. निदान एकदा वापरावीत, कुठे ते पुढे आहे.

५. माझ्यामागे भिंतीवर लावायचा फोटो सोबत जोडला आहे. बाबांच्या कॅमेऱ्यावर, खिडकीच्या उजेडात, टायमर लावून मीच काढला. दोनच फ्रेम घेतल्या, ही दुसरी. डोळ्यांखाली काळं आहे, गालावर तीळ आहे आणि तिळावर दोन केस आहेत. हे सगळं राहील. कोणी उजळवलेला फोटो लावला तर श्वेताने तो पाहुण्यांदेखत उतरवावा.

नाकाच्या शेंड्यावर पुटकुळी दिसते, ती परवाच आली आहे. ती काढायची राजेशला परवानगी आहे. निगेटिव्हवर, पेन्सिलीने, तासभर बसून. तेवढा वेळ तरी त्याने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहावं.

मी वाचले तर पुटकुळी जाईल. मृत्युपत्र बदलणार नाही.

ठिकाण: बोरिवली
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५
सही: कल्पिता महादू पाताडे

कल्पिताताईंनी आमच्या दोघांसमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार १: चंद्रप्रकाश सावे, शेजारचे चष्मेवाले. फोटो पाहिला, तीळ जागेवर आहे.

साक्षीदार २: प्रितम कोळी, गोराई. डाग काढायला मीच सांगितलं होतं.