झाकून ठेवलेलं ताट

४ जून

चि. टकळीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या खोलीतला पंखा एकदाचा दुरुस्त झाला हे वाचून बरं वाटलं. आता तू नोकरी करतेस त्या पेपरबद्दल. तुझ्या आग्रहाखातर मी छापील अंक बंद केला आणि फोनवरची वर्गणी घेतली, तेव्हापासून सकाळच्या चहालाच माझं डोकं फिरतं. बातमीची दोन वाक्यं वाचावीत तोच मध्ये चौकट आडवी येते, वर्गणीदार व्हा म्हणून. अरे, झालेय मी! पण सांगू कुणाला? फोनला?

तेही सोसलं असतं. पण आमच्या नळाला गढूळ पाणी आलं तेव्हा टाकीवर चढून आत डोकावलेला तो तुमचा पाणीवाला बातमीदार कुठे गेला? त्याच्यासाठी तर मी पेपर घेत होते. त्याच्या जागी परवा काय आलं, तर ‘पाणी पिताना तुम्हीही या पाच चुका करता का?’ जन्मभर दवाखान्यात मेट्रन म्हणून राबलेल्या बाईला पाणी प्यायला शिकवतात मेले. शिसारी आली मला.

म्हणून सोडायचं ठरवलं. घेताना एका बोटाचं काम होतं. सोडताना आधी कारण विचारलं, मग रडका चेहरा दाखवला, मग फोन करा म्हणाले, आणि फोनवर नुसतं गाणं ऐकवत बसले. आत शिरायला हत्तीचं दार आणि बाहेर पडायला उंदराचं बीळ! पण मीही हट्टाची. सुटले एकदाची.

रविवारी येणार होतीस, आली नाहीस. ताट झाकून ठेवलंय.

तुझी मावशी

१२ जून

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या शिव्या पोचल्या. अर्ध्या साहेबांना वाचून दाखवाव्यात असं वाटलं, पण नोकरी अजून कच्ची आहे.

मावशी, जाहिराती आटल्या, छापील अंक कोणी घेत नाही. आमच्या मजल्याच्या अर्ध्या भागात आता दिवेसुद्धा लावत नाहीत. तुझ्या पाणीवाल्याला मार्चमध्ये घरी पाठवलं. त्याच्या खुर्चीवर वर्गणीदारांना भेट द्यायच्या कपांची खोकी ठेवलीत. उरलेल्या बातमीदारांचे पगार फोनवरच्या वर्गणीतूनच निघणार, म्हणून पहिला महिना फुकटासारखा द्यायचा आणि माणूस आत आला की सुटू द्यायचा नाही. ते उंदराचं बीळ दोन खुर्च्या सोडून बसणाऱ्या मुलाने बांधलंय. बिचारा स्वभावाने गरीब आहे.

माझ्याकडे गळती आहे. म्हणजे तुझ्यासारखे जे सोडून गेले, त्यांना परत आणायचं. ‘प्रिय ग्राहक’ म्हटलेलं कोणी उघडूनही बघत नाही. साहेबांना असं एक वाक्य हवंय, की वाचणाऱ्याचा पाय मागे फिरलाच पाहिजे. ते जमलं तर माझी नोकरी पक्की.

तुझं पत्र समोर ठेवूनच विचार करतेय. तू रात्रपाळीला जाताना माझं ताट झाकून ठेवायचीस, आणि मी शिकवणीहून कितीही उशिरा आले तरी घर रिकामं वाटायचं नाही. आता तू प्रत्येक पत्र त्याच शब्दांनी संपवतेस, आणि ती ओळ मी दर वेळी दोनदा वाचते. बाकी ठीक. रागावलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुझी टकळी

२ जुलै

चि. टकळीस खूप खूप आशीर्वाद.

लबाड कुठली! तीन आठवडे पत्र नाही म्हणून मी मनात बोटं मोडत होते, आणि तू काय केलंस! आज सकाळी पेपरकडून निरोप आला. ‘बऱ्याच दिवसांत फिरकला नाहीत. जेवलात ना? तुमचं ताट झाकून ठेवलंय.’ मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कामाच्या रगाड्यात पत्राला वेळ नाही, म्हणून ऑफिसातून हळूच मला खूण पाठवलीस ना? आणि वर ‘तुमचं’ म्हणे! साहेबांनी पाहिलं तर काय, म्हणून असेल. डोळ्यांत पाणी आलं बघ.

लगेच वर्षाची वर्गणी भरून टाकली. ते पाच चुकावालेही वाचेन आता. माझी पोर आहे त्या पेपरात.

खालच्या शिंपीकाकांना दाखवून येते, त्यांनाही कौतुक वाटेल. ताट खरंच झाकून ठेवलंय हो!

तुझी मावशी

३ जुलै

टकळीस,

शिंपीकाकांना तोच निरोप आला आहे. शब्द न् शब्द तोच.

काकू गेल्या हिवाळ्यात वारल्या, तुला मीच कळवलं होतं. तेव्हापासून काकांनी पेपरची वर्गणी भरली नव्हती. काकांनी फोन हातात धरून ठेवला होता. मला विचारत होते, की हे कोणी लिहिलं असेल, कारण आमची ही असंच म्हणायची. त्यांनीही पैसे भरले. त्यांना तर चष्म्याशिवाय धड वाचताही येत नाही, आणि एरवी तो चष्मा ते शिवणाशिवाय लावत नाहीत, पेपर कसला वाचणार.

मी तडक वर येऊन तोंडावर पाणी मारलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. माझ्या ताटाचा गळ केलास तू. त्याची किळस वाटते मला, आणि माझीही वाटते, कारण काल मी किती हरखले होते.

मावशी

९ जुलै

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

शेण खाल्लं मी. ते वाक्य दुपारी लिहिलं, तेव्हा तूच डोळ्यांपुढे होतीस. मग ते यादीतल्या सगळ्यांना गेलं. तुझंही नाव त्या यादीत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तू माझ्या लेखी ग्राहक नव्हतीसच कधी.

पेपरच्या इतिहासात इतके लोक कधी परतले नव्हते. साहेबांनी केक आणला, माझी नोकरी पक्की झाली. आता त्यांना पुढचे निरोप हवेत. तिसऱ्या दिवशी ‘ताट थंड होतंय’, आणि तरीही कोणी आलं नाही तर ‘आता ताट उचलू का?’ सगळे हसले. मीही हसले, मावशी. नंतर तुझं पत्र हाती पडलं.

मी साहेबांकडे गेले. निरोप थांबवा म्हटलं. निदान आलेल्या पैशातून पाणीवाल्याला तरी परत बोलवा म्हटलं. ते म्हणाले की पैसा ज्याने आणला त्याच कामाला लावायचा, म्हणजे आणखी निरोपांना. खोकी अजून त्याच खुर्चीवर आहेत.

सोडू का नोकरी? तुझ्याकडे येऊ का? तू लिहिशील तसं करेन. फक्त लिही.

तुझी टकळी

१६ जुलै

चि. टकळीस आशीर्वाद.

नोकरी सोडायची की नाही ते माझ्यावर ढकलू नकोस. तुझं तू ठरव. माझं विचारशील तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पेपरात बातमीच नसेल तर माणूस गोड बोलण्याने एकदा येईल, दुसऱ्यांदा थुंकून जाईल. नळाला अजून गढूळच पाणी येतंय. ते लिहायला कोणी आलं, तर सगळी चाळ न बोलावता पैसे भरेल. हे साहेबांना सांग, आणि हसले तर तू हसू नकोस.

काकांची वर्गणी मी बंद करून दिली, माझीही. या वेळी गाण्यानंतर एक मुलगी बोलली. आवाजावरून तुझ्याच वयाची. थोडं थांबा, तुमचं ताट झाकून ठेवलंय, असं तिने कागदावरून वाचलं. मी तिला विचारलं, की बाळ, तू जेवलीस का? तिने कागदावरचं पुढचं वाचलंच नाही, वर्गणी बंद करून टाकली.

हे पत्र संपवताना सवयीने हात त्याच शब्दांकडे गेला. दोन अक्षरं लिहिली आणि खोडली, वर दिसतच असतील. ते शब्द आता तुमच्या पेपरचे झाले. मला कोणालाच लिहिता येणार नाहीत, तुलाही नाही.

रविवारी ये. झाकून काही ठेवणार नाही. तू आलीस की वाढेन.

मावशी